शिंग वाजेपर्यंत हलायचं नाही

"आमच्या हाक्यात माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही!" असं तिजानी ऐन द्राहम या डोंगरगावातल्या कुठल्याही कॅफेत, कुणी विचारलेलं नसताना, छाती ठोकून सांगायचा. वीस वर्षं तो गावच्या शिकारी मंडळाचा प्रमुख होता. मात्र समोरचा गालातल्या गालात हसू लागला, की घाईघाईनं पुढं म्हणायचा, "मार्चमधला तो प्रकार सोडा. तो अपवाद!"

आता सोडा म्हटल्यावर कोण सोडतंय? मार्चमध्ये त्याच्या मेहुण्यानं, शाजलीनं, रानडुकरावर बार काढला. त्यातला एक छर्रा खडकावर आपटला, उलटा फिरला आणि तिजानीच्या अशा जागी जाऊन रुतला, की पुढचे आठ दिवस बिचाऱ्याला उभ्यानं जेवावं लागलं. छर्रा काढणारी नर्स नेमकी बायकोची मावसबहीण! संध्याकाळपर्यंत अख्ख्या डोंगराला जागेसकट बातमी पोचली.

सगळे हसले. तिजानीची बायको मनूबिया, तीसुद्धा हसली. हसता हसताच तिनं त्याची दुनळी बंदूक कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

"अगं, एक छर्रा तर होता!"

"आणि वीतभर वर लागला असता तर?" आता ती हसत नव्हती. "मग उरलेलं आयुष्य मी भांडायचं कुणाशी?"

शिकारीचा मोसम सुरू झाला, रविवारमागून रविवार जाऊ लागले, आणि मंडळाचा प्रमुख हातात नुसतं पितळी शिंग घेऊन उभा! हाका सुरू करायला एक लांब फुंकर, संपवायला तीन. बास, एवढंच काम. आपल्याच लग्नात वाढपी म्हणून उभं राहावं तशी त्याची गत झाली होती.

त्यात दर शुक्रवारी टीव्हीवर शिकारीचा तो कार्यक्रम! गाझी नावाचा सूत्रधार झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घालायचा आणि भरलेली बंदूक हातात धरून, चापावर बोट ठेवून, कुंपणावरून उडी मारायचा. मागं ढोल बडवलेले. उडी पडली की कॅफेतली मंडळी टाळ्या पिटायची आणि तिजानी कपाळ.

"अरे, आधी बंदूक बिजागरीत मोड, काडतुसं काढ, मग मार काय उड्या मारायच्या त्या! हे असंच चाललं तर पुढच्या शुक्रवारी नवा सूत्रधार शोधावा लागेल!"

"दाजी, तो हिरो आहे," शाजली म्हणायचा. "हिरो कधी काडतुसं काढतो का?"

आणि रविवारी जो तो गाझीसारखा उडी मारायला बघायचा. पन्नाशीतली माणसं, गुडघे कुरकुरतायत, पण उडी मारायची!

अशात एके दिवशी तिजानीला फोन आला. गाझीला या डोंगरातला डुकरांचा हाका चित्रित करायचा होता. तिजानी फोन न ठेवताच घराकडं पळाला.

"मनूबिया! टीव्हीवाले येतायत! आमचे नऊच्या नऊ नियम अख्ख्या देशाला दाखवतो. मग तरी देशील किल्ली?"

मनूबियानं कणीक तिंबता तिंबता विचार केला. "टीव्हीवर दिसलं तर देईन. तुझ्या तोंडचं मला नको."

झालं! तिजानीनं मंडळाच्या नऊही शिकाऱ्यांना कॅफेत कोंडलं आणि एकेकाकडून नियम पाठ करून घेतले. चालताना बंदूक मोडलेली. नारिंगी जाकिटाशिवाय पाऊल नाही. नारिंगी जाकिटाशिवाय पाऊल नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा पाचवा नियम: पहिल्या शिंगापासून शेवटच्या शिंगापर्यंत कुणीही आपली जागा सोडायची नाही.

"आईचा फोन आला तरी?" शाजलीनं विचारलं.

"फोन बंद असेल, नियम सात! बाबांनो, हात जोडतो. कॅमेऱ्यासमोर एक जरी हलला तरी माझी बंदूक कपाटातच गंजणार. प्रश्न माझ्या बंदुकीचा आहे!"

माणसं टवाळ होती, पण दुष्ट नव्हती. "तुझ्या किल्लीसाठी मुळं फुटेपर्यंत उभे राहू," म्हाताऱ्या बूबकर काकांनी सगळ्यांच्या वतीनं शब्द दिला. नारिंगी जाकिटं मात्र कुणाकडंच नव्हती. ती नगरपालिकेच्या सफाई खात्याकडून उसनी आणली. मोजून दहा. प्रत्येकाच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'शहर स्वच्छ ठेवा'.

रविवारी सकाळी धुकं असं, की बुचाची झाडं नुसती बुंध्यापर्यंत दिसत होती. गाझी गाडीतून उतरला आणि ती रांग बघून मटकन बोनेटवरच बसला.

"तिजानीसाहेब, हे काय? संत्र्यांची गाडी उलटलीय का इथं?"

"नियम दोन," तिजानी ताठ मानेनं म्हणाला. "तुम्हाला माझं काढून देतो."

"मी? मी संत्रं नाही!"

मग तिजानीनं नियम वाचायला घेतले. नादिर नावाचा सडपातळ कॅमेरावाला चौथ्या नियमाला जांभई द्यायला लागला आणि सहाव्याला म्हणाला, "जरा आटपा हं, बॅटरी संपतेय." पण पोरगा शहाणा निघाला. सगळं ऐकून त्यानं हळूच विचारलं, "मला मिळेल का एक जाकीट?" दहावं जाकीट तिजानीच्या अंगात होतं. पाहुणा मागतोय म्हटल्यावर काढून दिलं.

शिकारी दरीच्या कडेनं आपापल्या जागी गेले. तिजानीनं एक लांब फुंकर मारली. खालून हाकारे डुकरं उठवायला कुत्री घेऊन आरडाओरडा करत निघाले. तेवढ्यात गाझीनं शिंगाला हात घातला.

"हे मला द्या. शेवटच्या तीन फुंकरा मी त्या सुळक्यावर उभा राहून मारतो. मागं धुकं, हातात पितळ! काय दिसेल!"

तिजानीनं शिंग घट्ट धरलं. पण टीव्हीवर दिसायचं तर टीव्हीवाल्याला नाही म्हणून कसं चालेल? "रांगेच्या मागच्या वाटेनं जा हं," एवढं बजावून त्यानं शिंग दिलं.

मागच्या वाटेनं जायचं तर गाझीनं टीव्हीत कशाला जावं? तो सरळ रांगेपुढच्या झाडीत घुसला.

हाका फसला. कुत्री भुंकली, डुकरं वर सुळक्याकडं पळाली, हाकारे खालच्या रस्त्याला लागून चहा पीत बसले. अकरा वाजले. शिंग नाही. बारा वाजले. शिंग नाही. धुक्यात नऊ नारिंगी ठिपके जागच्या जागी उभे. पहिला तासभर तिजानीची छाती अभिमानानं फुगली होती. मग हळूहळू तिच्यातली हवा गेली.

रांगेच्या मागून तो बूबकर काकांपाशी आला. "काका, चला, संपला हाका."

"शिंग?"

"शिंग गाझीकडं आहे. मी सांगतोय ना, मी प्रमुख!"

काकांनी एक डोळा मिचकावला. "परीक्षा घेतोस होय? कॅमेरा कुठं लपवलायस? त्या नेच्यात?"

"कॅमेरा नाही हो! नादिर तिकडं चहा पितोय!"

"वा! तोंडावरची रेषसुद्धा हलत नाही याच्या," काका कौतुकानं म्हणाले आणि पुन्हा दरीकडं बघायला लागले.

तिजानी पुढच्या जागेवर पळाला. तिथं शाजली. थंडीनं ओठ निळे, पण नजर समोर.

"शाजली, जा घरी."

"दाजी, मार्चमध्ये चुकलो. तुम्हाला उभ्यानं जेवताना बघितलंय मी. आज माझ्याकडून चूक होणार नाही. अंधार पडला तरी हलणार नाही!" आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी!

तिजानीला गहिवरून आलं. त्याच वेळी त्याला एक थोबाडीत ठेवून द्यावीशीही वाटली. शेवटी गाडीपाशी जाऊन त्यानं तीन वेळा लांब हॉर्न वाजवला.

धुक्यातून काकांचा आवाज आला, "नियमात शिंग लिहिलंय! मोटार नाही!"

"बरोबर आहे!" बाकीचे आठ एका सुरात.

आणि तेवढ्यात वरून, दूरवरून, बारीक आवाज आला. "वाचवाऽऽ!"

गाझी! सुळक्यावर नाही, रांगेच्या बरोबर समोर, बुचाच्या एका झाडाच्या शेंड्यावर! डुकरं अंगावर आली तशी साहेबांनी बंदूक, शिंग सगळं खाली टाकून वर धाव घेतली होती.

"उतरा खाली! डुकरं केव्हाच गेली!" तिजानी ओरडला.

"डुकरांचं नाही हो! इथून मला नऊ बंदुका दिसतायत, आणि त्यांना मी दिसत नाहीये! झाडपाला झालोय मी झाडपाला! ते जाकीट पाठवा! संत्र्याचं! कुठलंही! लवकर!"

तिजानीला इतका आनंद झाला, की "काय म्हणालात?" असं त्यानं मुद्दाम पुन्हा विचारलं. पण पाठवायचं कुठलं? शिकारी जाकीट काढेनात, नियम दोन. तो नादिरकडं गेला, तर नादिरनं दोन्ही हातांनी जाकीट घट्ट धरलं. "तुम्हीच म्हणालात, शेवटच्या शिंगापर्यंत अंगातून काढायचं नाही!" शेवटी तिजानी तसाच, नुसत्या स्वेटरवर, झाडीकडं निघाला, तर नऊच्या नऊ जण एकदम खेकसले. "जाकिटाशिवाय पाऊल नाही! मागं फीर!"

आपणच पढवलेल्या नऊ माणसांनी आपल्याला जागच्या जागी खिळवावं! तिजानी डोकं धरून दगडावर बसला आणि बसल्या बसल्या ताडकन उठला, कारण मार्चमधली जागा अजून नाजूक होती.

दोनच्या सुमाराला खालून मनूबिया आली. अंगावर लाल लोकरी शाल, डोक्यावर वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसचं पातेलं, आणि चेहरा असा, की हाकाऱ्यांची कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

"जेवण दोनदा गरम केलं. काय लावलंय हे?"

तिजानीनं सगळं सांगितलं. ऐकताना ती आधी चिडली, मग हसली, मग वर झाडाकडं बघून पुन्हा चिडली. पातेलं खाली ठेवून ती दगडावर चढली.

"बंदुका मोडा!"

खट्. खट्. खट्. एकामागून एक आठ बंदुका मोडल्या.

"काडतुसं खिशात! हात वर दिसू देत!"

"पण शिंग..." बूबकर काका पुटपुटले.

"काका, काकूंना बोलावू?"

खट्.

मनूबिया रांगेपुढून ताठ चालत वर गेली. नेच्यात पडलेलं शिंग उचललं, फडक्यानं पुसलं आणि तीन लांब फुंकरा अशा मारल्या, की खालच्या रस्त्यावर हाकाऱ्यांचा चहा सांडला. परत आली तेव्हा तिची लाल शाल डोक्यावरून घेऊन गाझी मागं मागं येत होता, नव्या नवरीसारखा खाली मान घालून.

तीन आठवड्यांनी शुक्रवारी कार्यक्रम लागला. अख्खं मंडळ तिजानीच्या घरी जमलं. ढोल वाजले. गाझी गरजला, "या जंगलात पावलापावलावर मृत्यू दबा धरून बसलाय!" मग तो कुंपणावरून उडी मारताना दिसला. उडी कुठल्या तरी जुन्याच भागातली होती. मग धुकं. मग सुळेवाला डुक्कर, तोही कुठला तरी दुसराच. मग सुळक्यावर शिंग फुंकताना गाझी. हे कधी घडलं, देव जाणे! नियम एकही नाही. उभी राहिलेली माणसं नाहीत. नारिंगी जाकिटं दोन सेकंद दिसली, तीही रंग बदलून हिरवी केलेली. तिजानी एकदाच आला. पाठमोरा. मार्चमधली जागा चोळताना.

कार्यक्रम संपला. शाजलीनं नाक ओढलं.

"नाही दिसलं," तिजानी म्हणाला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "टीव्हीवर काहीच दिसलं नाही."

मनूबिया उठली, गळ्यातली साखळी काढली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"मला दिसलं ना," ती म्हणाली. "नऊ टवाळ माणसं चार तास थंडीत उभी होती, तुझ्यासाठी. पण यापुढं शिंग माझ्याकडं राहील."

मंडळानं हात वर करून ठराव मंजूर केला. बूबकर काकांनी तर दोन्ही हात वर केले.

पुढच्या रविवारी तिजानी आपली बंदूक घेऊन आपल्या जागी उभा राहिला. अंगात जाकीट, बोट चापाच्या बाहेर, सगळं नियमाप्रमाणं. हाका सुरू झाला. आणि काय सांगावं! गेल्या दहा वर्षांत कुणी पाहिलं नसेल असं धिप्पाड रानडुक्कर झाडीतून निघालं ते सरळ त्याच्या समोर, पंधरा पावलांवर. मागं मोकळा चढ, आजूबाजूला चिटपाखरू नाही. तिजानीनं बंदूक उचलली, श्वास धरला, बोट चापावर टेकवलं.

वरच्या टेकाडावरून तीन लांब फुंकरा आल्या.

शिंगानंतर बार नाही. नियम सहा. तिजानीच्याच अक्षरातला. दोन्ही बाजूंना माणसं बघत होती. त्यानं बंदूक खाली घेतली आणि मोडली. खट्. डुकरानं थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि ते चालत, अजिबात घाई न करता, बटाट्याच्या शेताकडं निघून गेलं.

तिजानी तणतणत टेकाडावर आला. "दोन मिनिटं! नुसती दोन मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? इतकी कसली जेवणाची घाई? कुसकुस पळून जाणार होता का?"

"कुसकुसला अजून तासभर आहे," मनूबिया म्हणाली. शिंग तिनं अजून छातीशी धरलं होतं. "दिसत होतं मला इथून. केवढे सुळे त्याचे, आणि समोर तू एकटा. मला नाही बघवलं. हात आपोआप शिंगाकडं गेला."

तिच्या हातातलं शिंग हलकेच काढून घेऊन तिजानीनं बाजूच्या दगडावर ठेवलं.

"मग घरी चल, भाजी तरी चिरायला दे," तो म्हणाला.