विरोधक पाहिजे, कायम

लोकशाही जिवंत राहायची तर विरोध हवा, आणि विरोध शिस्तीत राहायचा तर त्यासाठी मंजूर पद हवे. हे सत्य उगवत्या लोकशाही सत्तांनी वेळेवर ओळखले. जुन्या, थकलेल्या लोकशाही देशांचे शिष्टमंडळ ते शिकायला येणार असे कळताच जागतिक लोकशाही मार्गदर्शन कार्यालयाने आपल्या हेडक्लार्कला विरोधक नेमले. (नेमणूक एकमताने झाली. हेडक्लार्कला विचारण्यात वेळ दवडला नाही.)

हेडक्लार्क म्हणजे गरीब गाय. सहा वर्षे बायको-मुलींपासून दूर, भाड्याच्या खोलीत एकटा, आणि बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर. साहेब म्हणाले, "विरोध नीट वठवा, त्याच दिवशी सही करतो."

मंजूर विरोध असा होता: भाषण, पंचेचाळीस सेकंद; टेबलावर मूठ, एकदा; सभात्याग, दारापर्यंत. अकरा तालमी झाल्या. त्यांपैकी नऊ तालमींत मूठ हळू आपटल्याचा शेरा मिळाला.

फोनवर बायको म्हणाली, "अहो, या वेळी तरी होईल ना? धाकटी तुम्हाला फोनमधले बाबा म्हणते."

पाहुण्यांसमोर त्याने भाषण घडाघडा म्हटले, मूठ आपटली, आणि काय झाले कोण जाणे, पुन्हा आपटली. "सहा वर्षं झाली, साहेब. माझा अर्ज तुमच्या चहाच्या कपाखाली पडलाय. मी दारापाशी थांबणार नाही. मी घरी चाललो." हे कागदावर कुठेच नव्हते.

पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. इतका अस्सल विरोध आमच्याकडे आता मिळत नाही, असे त्यांनी अभिप्रायवहीत लिहिले. हेडक्लार्कला स्टेशनवरून सन्मानाने परत आणले आणि त्याचे पद कायम केले. यापुढे दर महिन्याला नवे पाहुणे, तेच गाऱ्हाणे. गाऱ्हाणे खरे राहावे म्हणून बदली कायमची रोखली.

"माझा याला विरोध आहे," हेडक्लार्क म्हणाला.

"मग, तेच तर तुमचं काम," साहेब म्हणाले.

अर्थात, लोकांना विचारल्याशिवाय असे निर्णय घेणे लोकशाहीत बसत नाही. रीतसर जनमत घेतले. हरकत न कळवणाऱ्यांचा होकार धरला. (बायकोची हरकत आली होती, घरचा मामला म्हणून बाद झाली.) तुमची हरकत काही आलेली नाही. कार्यालय आपले आभारी आहे.