ॲपच्या बयाण्यात अननसाच्या साड्या

अक्कल असली की भांडवल लागत नाही, असं भूपेंद्रचं ठाम मत होतं. भांडवल त्याच्याकडे नव्हतंच. तेव्हा निम्मं मत तरी कुणालाही पटण्यासारखं होतं!

सुरतेच्या रिंग रोडवर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तो कापडाच्या पार्सलांच्या पावत्या फाडायचा. खानदेशातून आलेले त्याचे सगळे काका-मामा लूमवर उभे राहणारे, हा एकटा खुर्चीत बसणारा. त्यामुळे आपण मुळातच वरच्या दर्जाचे आहोत, ही त्याची समजूत. अशात त्याने मोबाइलवर एका बूटकॅम्पची, म्हणजे झटपट क्लासची, जाहिरात पाहिली. कोडिंग शिका, ॲप बनवा, मालक व्हा! जाहिरातीतले प्रशांत सर एका लांबलचक गाडीच्या बॉनेटवर बसले होते. गाडी स्वतःची असेल तर माणूस आत बसतो, बॉनेटवर कशाला बसेल? हा प्रश्न भूपेंद्रला पडला नाही. पडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

फी मात्र भरमसाट होती. पण असल्या फुटकळ अडचणीने अडेल तो भूपेंद्र कसला! डिंडोलीच्या आपल्या दोन खोल्यांत जेवायला बसल्या बसल्या त्याने बायकोला योजना सांगितली.

"मार्केटमधल्या शेठ लोकेसले मी ॲप इकसू. बयाणा आगाऊ लिसू. त्या पैशानी क्लास लावसू. क्लासमा ॲप बनाडानं शिकसू, आनि तेच त्यासले दी टाकसू!"

गायत्रीने भाकरी तव्यावर उलटली. "तुम्हले ॲप बनाडता येस का?"

"आते नही येत."

"मंग इकशात काय?"

"तेच तर! जे येस ते तर कोणी बी इकी टाकस!"

गायत्रीने पुढची भाकरी थापायला घेतली. नवऱ्याला वेड लागल्यावर बायका आधी भाकऱ्या संपवतात, मग बोलतात. पण तिच्या भाकऱ्या होईपर्यंत भूपेंद्रचं स्वप्न काचेच्या ऑफिसात जाऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. "बन्सीलालशेठ, माझ्याशिवाय तुमचं कसं होणार याची मला काळजी वाटते," असं तो गहिवरून म्हणाला. शेठने चहाचा कप खाली न ठेवता दुसऱ्या हाताने सही केली.

पहिलं गिऱ्हाईक मगनभाई. साड्यांचे जुने व्यापारी. गादीवर पांढरी चादर, मागे छतापर्यंत साड्यांची चळत. भूपेंद्रने भाषण सुरू केलं. तुमची साडी पाटण्याचा व्यापारी घरी बसून बघणार, बोट लावलं की ऑर्डर! मगनभाई कान कोरत ऐकत होते.

"सॅम्पल दाखव."

"सॅम्पल... ऑर्डरनंतर."

"वाह! साडीवाल्याला सॅम्पल न दाखवता माल विकायला आलास! हिंमत छे!" मगनभाई हसले. "चालशे. नवरात्रीच्या आधी ॲप दे. घेतलं मी."

भूपेंद्रला वाटलं, आपल्या जिभेवर साक्षात सरस्वती! "मग बयाण्याचं काय, मगनभाई?"

"बयाणा? अरे भाई, या मार्केटमध्ये रोख कोण देतं? मी कापड उधार घेतो, साडी उधार देतो, आणि दिवाळी आली की सगळे एकमेकांना चुकवत फिरतो. रोख मागशील तर लोक हसतील. माल घेऊन जा. विक, पैसा तुझा. आणि ऐक, ॲप नाही झालं तर विकलेल्याचे पैसे आणि उरलेला माल परत. घडीसुद्धा मोडायची नाही!"

हिशेब केला तर माल फीच्या दुपटीचा निघत होता. या व्यापाऱ्याला आपण चांगलंच गुंडाळलं, या खुशीत भूपेंद्रने पदरच्या पैशाने टेम्पो केला आणि गाठोडी घरी आणली.

गाठोडी सोडली. मोहरीच्या रंगाची साडी आणि तिच्यावर जांभळे अननस! बरं, अननस सरळ तरी असावेत? छपाई चुकलेली. निम्मे अननस पदराला पोचेपर्यंत कंबरेत कापले गेले होते.

"ह्या नेसाना सोडा, पोतेरं कराना बी कामन्या नहीत," गायत्रीने निकाल दिला.

तोवर मार्केटात बातमी फुटली होती. डिंडोलीचा एक माणूस ॲप विकतो आणि बयाणा म्हणून काहीही माल उचलतो! दुसऱ्या दिवसापासून भूपेंद्रचा फोन थांबेना. ज्या शेठांनी त्याला आजवर पाण्याला विचारलं नव्हतं ते "आवो भूपेंद्रभाई, बेसो!" करायला लागले. एकाने भोकं पडलेलं नेटचं कापड दिलं. एकाने नुसत्या ओढण्या दिल्या. एकाने तर सहा वेगवेगळ्या साड्यांचे नुसते पदर दिले! भूपेंद्र सगळ्यांना हो म्हणत सुटला. घरात चालायला जागा उरली नाही. गायत्री गाठोड्यांच्या मागून स्वयंपाक करायची आणि ताट वरून द्यायची.

प्रशांत सरांनी मात्र साड्यांना नकार दिला. "फी फक्त ऑनलाइन. आम्ही प्रोफेशनल लोक आहोत." तेव्हा भूपेंद्र स्कूटरला गाठोडं बांधून साड्या विकायला बारडोलीला गेला. बाजारातल्या भाईदास नावाच्या दुकानदाराने साडी उलगडली, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"ही तुझ्याकडे कशी आली? ही तर मी मगनभाईला परत पाठवली होती! आणि मी काही पहिला नव्हतो. नाशिकहून परत आलेली माझ्या गळ्यात मारली होती. हे बघ, माझा शिक्का!"

खरंच शिक्का होता. त्याच्या शेजारी आणखी दोन गावांचे शिक्के होते. एवढा प्रवास भूपेंद्रच्या खानदानात कोणी केला नव्हता.

तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. नोकरी गेली, क्लास नाही, आणि नवरात्रीच्या आधी अर्ध्या मार्केटला ॲप द्यायचं! एकदा मार्केटात नाव खराब झालं की रिंग रोडवर त्याला पावत्या फाडायलासुद्धा कोणी उभं करणार नव्हतं. गायत्रीला त्याची दया आली असं नाही, पण तिला स्वयंपाकघर परत हवं होतं. तिने एक अननस साडी खांद्यावर टाकून मोबाइलवर व्हिडिओ केला आणि स्टेटसला ठेवला.

"बाया वं, हळदमा नवी साडी कसाले खराब करतस? हाई पहिलेच खराब शे!"

लग्नसराई ऐन भरात होती. हळदीला सगळ्या बायकांनी एकसारखी पिवळी साडी नेसायची, अशी नवी टूम निघालेली. आणि हळदीनंतर ती साडी टाकूनच द्यायची, तर महाग कशाला घ्या? लिंबायतहून फोन, उधन्याहून फोन, थेट अमळनेरहून फोन! एकेका हळदीला अख्खं गाठोडं गेलं. जांभळ्या अननसांवर हळद पडली की ते दिसतही नव्हते. ओढण्या फेट्याला गेल्या आणि पदरांची तोरणं झाली.

गायत्रीने फीचे पैसे नवऱ्यासमोर ठेवले. "ह्या ल्या. पन ॲप बनाडीसन दाखाडा. मगनभाई दारशे वना तर तोंड तुम्ही दाखाडा, मी नही दाखाडाव!"

भूपेंद्रने फी भरली. मग प्रशांत सरांची बॅच पुढे ढकलली गेली. मग आणखी पुढे गेली. गणपती बसले, गणपती उठले. शेवटी एकदाचा वर्ग भरला. भूपेंद्र पहिल्या बाकावर, नवी वही उघडून. प्रशांत सर आले, घसा साफ केला.

"मित्रांनो, कोडिंग म्हणजे काय? हे आपण सगळे मिळून शोधणार आहोत."

"सर, तुम्हाला येतं ना?" मागून कोणीतरी विचारलं.

"मी बेंगळुरूच्या एका कोर्सला ॲडमिशन घेतली आहे. तुमच्या फीमधूनच. मी तिथे शिकणार, आणि तेच तुम्हाला शिकवणार!"

भूपेंद्र ताडकन उठला. "लाज नाही वाटत? स्वतःला येत नाही ते विकता? ही सरळसरळ लबाडी आहे!"

सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मनापासून स्वीकारून तो बाहेर पडला. फी परत मिळाली नाही.

घरी पोचतो तो दारात ओळखीच्या चपला! मगनभाई खुर्चीत बसून गायत्रीच्या हातचा चहा पीत होते. रस्त्यात पाठ केलेलं सगळं भूपेंद्रने एका दमात ओकलं.

"मगनभाई, ॲप जवळजवळ झालंय! फक्त सर्व्हर... म्हणजे सर्व्हरला जरा... नवरात्रीनंतर नक्की!"

"कोणतं ॲप?" मगनभाईंनी विचारलं.

"तुमचं! मी विकलेलं!"

मगनभाई हसता हसता चहा सांडायच्या बेतात आले. "अरे गांडा, वेड्या! तुला काही येत नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. ट्रान्सपोर्टचा माणूस तू, ॲप काय बनवणार? मला गोडाऊन रिकामं करायचं होतं! परत आलेल्या साड्या कोणी फुकट नेत नव्हतं. तू आलास, उचलून नेल्यास, टेम्पोचं भाडंही तूच दिलंस. त्या दिवशी माल मी विकला भाई, गिऱ्हाईक तू होतास!"

"आणि बाकीचे शेठ?"

"त्यांना मीच पाठवलं."

मग ते गायत्रीकडे वळून अदबीने म्हणाले, "बेन, हळदीच्या साड्यांचं ऐकलं. आणखी दोन गाठोडी आहेत. हिरव्यावर गुलाबी वांगी. विकाल का?"

दोघं भावताव करायला लागले. भूपेंद्र उंबऱ्यात तसाच उभा होता. मानगुटीवरचं भूत उतरलं होतं, नाव वाचलं होतं. खरं तर त्याने देवापुढे नारळ फोडायला हवा होता. पण त्याला रडू येत होतं. एवढ्या मेहनतीने, एवढा मोठा बाजार फसवायला निघालेला माणूस, आणि त्याच्यावर एकानेही विश्वास ठेवू नये म्हणजे काय!