खताचा डबा आणि बसण्याची सोय

पृथ्वी वाचवण्याची जबाबदारी साऱ्या मानवजातीची असली, तरी तिची अंमलबजावणी शेवटी कोणाच्या तरी बाल्कनीतच करावी लागते. या घरातली बाल्कनी आईच्या ताब्यात होती. ताब्यात म्हणजे नावावर नव्हे. दुपारी लेक झोपली की आई तिथल्या खुर्चीत बसून गरम चहा गरम असतानाच प्यायची, एवढाच तो ताबा. (मूल झाल्यापासून बाकीचे सगळे चहा ती उभ्याने आणि गार झाल्यावर पीत असे.)

एका रविवारी बाबांनी घर पर्यावरणस्नेही झाल्याचं जाहीर केलं. बाबा म्हणजे लेकीचे बाबा. निर्णय घेण्याचं खातं त्यांच्याकडे होतं आणि निस्तरण्याचं आईकडे. पहिला ठराव असा, की घरात प्लास्टिक नको. त्यानुसार बाल्कनीतली प्लास्टिकची खुर्ची, चांगली धडधाकट असूनही, खालच्या शिंप्याला देऊन टाकण्यात आली. दुसऱ्या ठरावानुसार त्या मोकळ्या जागेत ओल्या कचऱ्याचं खत करणारा डबा आला. तोही प्लास्टिकचाच होता, पण हिरवा होता. (हिरवं प्लास्टिक मोजायचं नसतं.) डबा एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या खोक्यात आणि मधल्या जागेत थर्माकोल, अशा बंदोबस्तात तो घरी पोचला. ते सगळं उचलताना कचरा नेणारे काका म्हणाले, "काय ताई, घर बदलताय का?"

"नाही हो. कचरा कमी करतोय," आई म्हणाली.

सासूबाईंनी, घरात कोणी नवं आलं की त्या जे करत, तेच केलं. त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी केली.

"सालं, देठं, उरलंसुरलं, काहीही चालतं त्याला," बाबा म्हणाले.

"उरलंसुरलं?" सासूबाईंचा चेहरा उतरला. "अरे, कालच आलाय तो. लगेच शिळं काय वाढायचं?"

या एका वाक्याने घराचं धोरण ठरलं. आल्यागेल्याला शिळं वाढायची या घरात पद्धत नव्हती, आणि डब्याला त्यातून वगळावं असं कोणाला सुचलंही नाही. तेव्हा ताजं ते डब्याला आणि फ्रिजमधलं परवाचं ते माणसांना, अशी वाटणी झाली. सालं कमी पडताहेत असं दिसल्यावर बटाटे इतके जाड सोलले जाऊ लागले, की भाजीत बटाटा शोधावा लागे. केळी खास सालांसाठी येऊ लागली. आतला गर उरायचा, तो लेकीला मिळायचा. (घरगुती अंदाजानुसार या काळात कचरा तिपटीने वाढला. बाबांच्या मते ही प्रगतीच होती, कारण पूर्वी या घरातून एवढा कचरा कधी वाचलाच नव्हता.)

बाबांचं ऑफिस पुढच्याच खोलीत असल्यामुळे डब्याच्या तब्येतीकडे त्यांचं जातीने लक्ष असे. कामाला बसण्याआधी ते लेकीच्या थर्मामीटरने त्याचा ताप बघत. ताप असला की खत होतंय म्हणून खूश, उतरला की काळजीत. लेकीला कणकण आली तेव्हा थर्मामीटर डब्यात होता. आईने तिच्या कपाळाला आपला गाल लावून बघितला. या साधनाला सेल लागत नाही, पण त्याची पर्यावरणात नोंद होत नाही.

चहाचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही. आई आता पलंगाच्या कडेला टेकून तो प्यायला बघायची. पण पलंगावर टेकलेली बाई रिकामी दिसते, आणि रिकाम्या बाईला हाक मारण्याचा हक्क घरातल्या सर्वांना असतो. "सूनबाई, माझा चष्मा बघितलास?" "अगं, माझा चार्जर कुठाय?" "आई, शी झाली." दर हाकेला चहा थोडा गार व्हायचा.

पाहुणचाराचा व्हायचा तो परिणाम झाला. डब्याचं पोट भरलं, झाकण बसेना, चिलटं घोंगावू लागली, वास सुटला. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. बाबांचं अधिकृत म्हणणं, प्रक्रिया सुरू आहे.

अशाच एका दुपारी आईच्या पायात त्राण नव्हतं, हातात कप होता आणि बाल्कनीत बसण्याजोगी एकच वस्तू होती. ती बसली. खालून टक्क आवाज आला. झाकण लागलं होतं. डबा चांगला कोमट होता. कंबरेला बरं वाटलं.

"अगं बाई, त्याच्यावर बसलीस?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

बाबा धावत आले. वाकून त्यांनी झाकण तपासलं, मग चारी बाजूंनी हुंगलं. वास नव्हता. चिलटं बाहेर हिरमुसून फिरत होती.

"दाब हवा होता त्याला," ते गंभीरपणे म्हणाले. "रोज द्यावा लागेल."

तो कोणी द्यायचा, यावर तिथेच बैठक झाली. बाबांच्या वजनाने डबा तडकला असता. सासूबाईंचे गुडघे बसायला तयार होते, उठायची हमी देत नव्हते. लेकीला झाकण दाद देईना. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

"किती वेळ बसायचं?" आईने विचारलं.

"अर्धा तास तरी. आणि मध्येच उठायचं नाही हं, झाकण उघडलं की गेली मेहनत."

"आणि कोणी हाक मारली तर?"

"कोण मारतंय तेच बघतो."

आईने जरा विचार केल्यासारखं केलं. "सकाळीही दाब लागेल का रे?"

"लागेल की. पण तुला त्रास..."

"पृथ्वीसाठी एवढं करायलाच हवं," आई म्हणाली, आणि घोट घेतला. जीभ पोळली. खुर्ची गेल्यापासून पहिल्यांदाच.

ती स्वतःसाठी बसायची तेव्हा प्रत्येकाला तिच्याशीच काम असायचं. पृथ्वीसाठी बसू लागल्यापासून घरातल्या वस्तू ज्याच्या त्याला सापडतात. शी बाबा धुतात. कोणी भेटायला आलं तर सासूबाई हळू आवाजात सांगतात, "थांबा जरा, ती बसलीय." लेक तेवढी दारातून डोकावते. "आई, पिल्लू कधी निघणार?"

"घाई केली की बिघडतं गं राणी," आई म्हणते, आणि पुस्तकाचं पान उलटते.

आत खत झालंय का, ते माहीत नाही. ती कोणाला झाकण उघडू देत नाही.

हे वाचताना तुम्हीही कुठेतरी बसलाच असाल, आणि कोणीतरी हाक मारायच्या बेतात असेल. पर्यावरणावरचं वाचतोय, म्हणून सांगा. खोटं नाही ते. बहुतेकांचं पर्यावरण तेवढ्यावरच भागतं.