सागरपिवळीच्या कप्प्याची लढाई

पुढे कोणी पुसेल की नखाएवढ्या दोन पिवळ्या फुलांपायी एका थोर घराण्यात दुफळी माजली ती कैसी, आणि वाळक्या पाल्याच्या कचेरीत रणकंदन जाहले ते कोण्या कारणे, तरी जे घडले ते पदरचे तिखटमीठ न लावता लिहोन ठेवितो. वाचणारांनी नाक मुरडू नये; मोठमोठ्या लढाया याहून फुसक्या कारणांनी जाहल्या आहेत.

वर्तमान ऐसे जे, वनस्पतिसंग्रहाच्या कचेरीत, जेथे मुलूखमुलुखांची फुले दाबोन, वाळवोन, कागदांस चिकटवोन कपाटांत नजरकैदेत ठेविली असतात, तेथे भिंगबाई गळ्यात भिंग बांधोन चाकरी करीत. नोकरीच्या पहिल्या साली त्यांनी समुद्रकाठच्या वाळूत गुडघे फोडोन एक फूल हुडकिले आणि त्याचे नाव सागरपिवळी ठेविले. अवघ्या दुनियेत बाईंचे नावे तेवढाच काय तो मुलूख. तिची बहीण मरुपिवळी वाळवंटात राही. दोघी पाऊस पडताच उगवत, घाईघाईने फुलत, बी टाकोन हंगामातच मरत, आणि दिसण्यात इतक्या सारख्या की मधमाशीही फसावी.

कचेरीचे मुख्य ते बेरीजसाहेब, नात्याने बाईंचे थोरले दीर. दोन दिसले की एक करावे हा त्यांचा बाणा, त्यावरोन हे नाव पडिले. त्यांनी फर्मान काढिले की दोन्ही पिवळ्या एकच जाणोन सागरपिवळीचे नाव खारीज करावे, तिचे कागद बहिणीच्या कप्प्यात कोंबावे, आणि रिकाम्या कप्प्यात प्रिंटरची शाई ठेवावी. हंगाम सरताच सही होईल. बाई तडक दालनात दाखल जाहल्या.

"सर, सागरपिवळीचं पान जाड असतं. हात लावून तर बघा!"

"अगं, समुद्रावर राहून कोणीही जाडच होणार. माझंच बघ, दोन वर्षं बदली होती तिकडे! घरी एकाच मातीत लाव दोघींना. वेगळ्या दिसल्या तर नाही करणार सही."

मग बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीत तळ दिला, आणि दोन्ही फौजा सारख्या कुंड्यांत उतरवोन नळाच्या पाण्याची रसद लाविली, आणि रोज भिंग रोखोन टेहळणी चालविली, तो मोठी दगाबाजी जाहली. खारा वारा नाही, रखरख नाही, ऐसे सुख मिळताच दोघी सारख्याच उंच, सारख्याच पानांच्या, सारख्याच निर्लज्ज पिवळ्या निघाल्या. साहेब चहाचे निमित्ते खासे पाहणीस आले आणि म्हणाले, "ओळख बघू, यातली तुझी कोणती?" बाईंनी बोट दाखविले ते चुकीच्या कुंडीकडे. साहेब हसत हसत जिना उतरले, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आले.

ऐसी शिकस्त खाऊन बाईंनी बी तेवढे झाडोन दोन वाट्यांत ठेविले, मरुपिवळीचे स्टीलच्या आणि सागरपिवळीचे काचेच्या, आणि पलंगावर पालथ्या पडल्या.

बाईंचे यजमान भांडी घासण्याचे वतनदार. भाऊ की बायको या पेचात तटस्थ राहोन त्यांनी आजवर दोन्हीकडचा चहा राखिला होता. त्यांनी त्या वाट्या खरकट्या समजोन पाणी ओतिले, अंमळ भिजू दिल्या, आणि मग नळ सोडिला. काचेची वाटी तत्काळ साफ जाहली आणि सागरपिवळीचे अवघे बी मोरीवाटे समुद्राकडे स्वदेशी रवाना जाहले. स्टीलची मात्र हटेना.

"अगं ए, या वाटीत काय ठेवलं होतंस? नुसता शेंबूड झालाय! घासून घासून हात दुखले."

"अहो, बी होतं ते! दोन्ही वाट्या धुतल्यात?"

"काचेची गेली की झटकन. हीच पठ्ठी सोडत नाहीये."

बाईंनी ओरडण्यास उघडिलेले तोंड तैसेच राहिले. वाळवंटात वारा वाळूसुद्धा उडवोन नेतो, तेथे थेंबभर पाणी लागताच जमिनीस गच्च धरणारे बीच तगते. समुद्रकाठच्या बहिणीस ती गरज पडिली नाही. पान फितूर जाहले, बी इमानी निघाले! मग बाईंनी यजमानांस साबणासकट मिठी मारिली, आणि आपण कोणता पराक्रम केला हे यजमानांस बराच वेळ कळेना.

दुसरे दिवशी बाईंनी साहेबांस अर्ज केला की जुन्या कागदांवरचे बी खुद्द हुजुरांनी निवडावे, दोन कपांत पाणी घालोन टाकावे, आपण भिंतीकडे तोंड करोन उभ्या राहू. साहेब निर्धास्त, एक कप त्यांनी आपलाच घेतला. थोडा वेळ गेला आणि बाई म्हणाल्या, "आता पालथे करा." साहेबांनी ते त्या फर्मानावरच पालथे केले. पहिल्यातून पाणी आणि बी दोन्ही सहीच्या जागेवर सांडले. दुसऱ्यातून, म्हणजे साहेबांच्या कपातून, पाणी गेले, बी बुडास चिकटोन बसले. साहेबांनी कप आपटिला, आत बोट घातले, तो बोटच बुळबुळीत जाहले.

"सांडली ती माझी," बाई न वळता म्हणाल्या. "चिकटली ती वाळवंटातली. बरोबर ना, भाऊजी?"

"कचेरीत भाऊजी म्हणू नकोस. पुन्हा करू."

पुन्हा केले, आणि पुन्हा, कचेरीतले कप संपेतो केले. बाई एकदाही चुकल्या नाहीत. मग साहेबांनी ओले फर्मान आपल्या हाते फाडिले.

येणेप्रमाणे सागरपिवळीचा मुलूख बहाल जाहला, कप्पा राखिला, शाई जिन्याखाली गेली. साहेबांचा कप तेवढा साफ होईना. तो यजमानांकडे पाठविला, त्यांनीही हात टेकिले. मग बाईंनी तो रीतसर नमुना म्हणोन मरुपिवळीच्या कप्प्यात दाखल करोन घेतला, आणि स्वहस्ते चिठ्ठी डकविली ती आजही कायम आहे: "मरुपिवळी. सापडण्याचे ठिकाण: साहेबांचा चहाचा कप."