नारळाच्या अलीकडं

मी फक्त एवढंच म्हणाले होते, "अब्बा, जरा ब्रेक बघाल का?"

या एका वाक्याचा शेवट बापूसाहेबांच्या टोपीतून पाणी निथळण्यात होईल, असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी दचकले असते. (त्यात विशेष काही नाही. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, आणि कुकर मीच लावलेला असतो. माझं माहेर दौंडचं. सगळं लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये इंजिनांच्या शिट्ट्या ऐकण्यात गेलं. बाकीच्या मुलांना त्यांची सवय झाली. मला व्हायची राहून गेली.)

अब्बा म्हणजे माझे सासरे, कासम मिस्त्री. कवठे येमाईत एसटी स्टँडच्या मागं त्यांचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागं आमचं घर. गॅरेजात वर्षानुवर्षं एक जुनी पिकअप उभी होती. गोल नाकाची, पोपटी रंगाची, पुढून पाहिलं तर आश्चर्य वाटल्यासारखे डोळे वटारलेली. अब्बांच्या वडिलांनी तिच्यातून शिरूरच्या बाजारात कांदे नेले, अब्बांनी तिच्यातूनच स्वतःची वरात नेली. पुढं तिचं इंजिन जाम झालं ते झालंच. भंगारवाला दर वर्षी यायचा. अब्बा त्याला चहा पाजायचे आणि रिकाम्या हातानं परत पाठवायचे.

माझा नवरा सैफ रांजणगावला एका कंपनीत फोर्कलिफ्टच्या मेंटेनन्सला आहे. कंपनीनं एक जुनी फोर्कलिफ्ट भंगारात काढली, तिची मोटर सैफनं घरी आणली, आणि बापलेकांनी मिळून ती पिकअपमध्ये बसवली. मागं फळ्यांखाली बॅटऱ्यांची रांग. पेट्रोल नाही, डिझेल नाही, धूर नाही. साल होतं दोन हजार आठ. ज्या गावात पंखा फिरवायला लाइट नव्हती, त्या गावात आमच्या घरच्यांनी लाइटवर चालणारी गाडी केली! शेजारीपाजारी हसले. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई मेहरुन, अजिबात हसल्या नाहीत. त्यांनी घरात नियमच करून टाकला. लाइट आली की आधी गाडी चार्जिंगला, मग मिक्सर. उन्हाळाभर आम्ही पाट्यावर वाटलेली चटणी खाल्ली आणि ताठ मानेनं खाल्ली.

गाडी चालायची झकास. थांबण्याचं मात्र तिच्या मनावर होतं.

कारण असं की, इंजिन होतं तेव्हा पाय उचलला की ते गाडीला मागं ओढून धरायचं. आता इंजिनच नव्हतं. वर बॅटऱ्यांचं ओझं. ब्रेक तेवढे आजोबांच्या काळातले. सैफनं मला मोकळ्या रानात गाडी शिकवली तेव्हा ब्रेक मारायची पद्धत अशी होती: आधी पेडल खालवर पंप करायचं, मग दोन्ही पाय त्यावर रोवायचे, स्टिअरिंग धरून सीटवरून उठून उभं राहायचं आणि अल्लाचं नाव घ्यायचं. गाडी थांबायची. पुढच्या बांधाला, पण थांबायची.

त्यात तिला आवाज नाही. हॉर्न केव्हाच मेलेला. रस्त्यातल्या शेळ्या, कोंबड्या, गप्पा मारणारी माणसं, कुणालाच पत्ता लागायचा नाही की मागून गाडी आली आहे. मग मी किंचाळायचे. माझ्या किंचाळण्यानं रस्ता मोकळा व्हायचा. (मी ते मुद्दाम करत नव्हते. ते आपोआप होत होतं.)

म्हणून मी ते वाक्य बोलले. पण वेळ चुकली. बापूसाहेब तेव्हा नेमके गॅरेजातल्या बाकावर बसून बशीतला चहा फुंकत होते.

बापूसाहेब आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. वाड्यावस्त्यांवरचं सकाळचं दूध गोळा करून संस्थेत आणायचं काम त्यांच्याकडं रिकामं झालं होतं, आणि ते आमच्या गाडीला मिळावं म्हणून अब्बा त्यांच्या मागं होते. कामापेक्षा गाडीसाठी. पुन्हा एकदा ती गावाच्या कामाला लागलेली पाहायची होती त्यांना.

बापूसाहेबांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी? हिला बिरेक न्हाई व्हय, कासमभाई?"

"हायत की बापूसाहेब!" अब्बा म्हणाले. "जरा जुने हायत."

"मग सूनबाई काय म्हनती ही?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी घाईघाईनं सावरायला गेले. "नाही नाही, ब्रेक आहेत. लागतात. फक्त लगेच नाही लागत."

अब्बांनी डोळे मिटून घेतले.

"आसं करा," बापूसाहेब उठत म्हणाले, "बिरेक नीट करा. जुम्म्यानंतर मी सोता येतो टेस्ट घ्यायला. पास झाली तर दूध तुमचं. न्हाईतर आपला डिझेलचा टेम्पो बरा."

ते गेल्यावर मी रडवेली झाले.  अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि हाताला ग्रीस होतं हे दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

मग बापलेक कामाला लागले. शिरूरच्या भंगार बाजारातून एका अपघाती जीपचे पुढचे डिस्क ब्रेक आले. ते जुन्या चाकांना बसेनात म्हणून अब्बांनी लेथवर नवे ब्रॅकेट करून घेतले. पेडल हलकं लागावं म्हणून बूस्टर आला. पण बूस्टरला हवा ओढायला इंजिन लागतं, आणि इंजिन तर आम्ही अभिमानानं काढून टाकलेलं. तेव्हा सैफनं एक छोटा विजेवरचा पंप शोधला, ब्रेक दाबला की हवा ओढणारा, आणि तो नेमका ड्रायव्हरच्या सीटखाली बसवला. हे सगळं मी मोठ्या कौतुकानं पाहत होते, टॉर्च धरत होते, चहा देत होते. पंप मात्र टेस्टच्या दिवशी सकाळी बसला. मी तेव्हा भाकरी थापत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

जुम्म्याची नमाज झाली आणि गॅरेजसमोर निम्मं गाव जमलं. बापूसाहेब कडक इस्त्रीची टोपी घालून आले. बरोबर त्यांच्या पत्नी मुक्ताबाई. कुठलंही वाहन कामाला लागायचं तर नारळ हवाच, म्हणून त्या नारळ घेऊन आल्या होत्या. बापूसाहेबांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, गॅरेजसमोरच्या उताराच्या खाली रस्त्यावर मधोमध ठेवला आणि जाहीर केलं, "नारळाच्या अलीकडं थांबली तर पास!"

"आवो, त्यो फोडायला आनलाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

"तू गप ऱ्हा. टेस्ट चाललीय."

दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरून ते मागं चढवले. कॅन धरायला सैफ मागं उभा राहिला. अब्बांनी ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणून ड्रायव्हरच्या दाराला हात घातला, तेवढ्यात बापूसाहेबांनी त्यांना अडवलं.

"तुमी चालवनार? मग टेस्ट कसली, कासमभाई? तुमी तर बिगर बिरेकाची गाडी बी थांबवाल. ह्या सूनबाईला चालवू द्या. जी म्हनती बिरेक लगेच लागत न्हाईत, तिनंच लावून दाखवावं."

"मी?" मी म्हणाले. निदान म्हणायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसताच बारीक आवाज निघाला.

"घाबरू नको, बेटा," अब्बा म्हणाले. त्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता.

"हलका पाय ठेव," सैफ मागून म्हणाला. "नुसतं फूल ठेवल्यासारखा."

मी बसले. शेजारी बापूसाहेब बसले, गुडघ्यावर हात, टोपी ताठ. गाडी निघाली. आवाज नसलेल्या गाडीचा एक तोटा असा की, बाहेरचं सगळं ऐकू येतं.

"आता दाबंल!"

"न्हाई दाबत!"

"नारळ जातोय बघ!"

नारळ मोठा होत चालला. मला सैफचं फूल आठवलं, खरंच आठवलं. पण फिजिक्स घेऊन बी.एस्सी. मी झालेय, माझे पाय नाही. त्यांना जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. पंप केलं, दोन्ही पाय रोवले, मी सीटवरून उठून उभी राहिले आणि अल्लाचं नाव घेतलं.

गाडी जागच्या जागी थांबली. नारळाच्या चांगली दोन हात अलीकडं! पाणी मात्र थांबलं नाही. (जडत्वाचा नियम. त्यात मला पैकीच्या पैकी होते.) कॅनची झाकणं उडाली, केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती, आणि सगळं पाणी बापूसाहेबांच्या डोक्यावरून पुढं गेलं. सैफ दोन कॅनना मिठी मारून खिडकीतून आत डोकावत होता.

 मग अब्बांचा आवाज आला, "थांबली! गाडी थांबली!" आणि माझी छाती अशी फुगली की, आयुष्यात पहिल्यांदाच मला कशाचीही भीती वाटेनाशी झाली.

त्याच क्षणी माझ्या सीटखालून कुणीतरी गुरगुरलं. घर्र्र्र्र!

(पंप. भाकरी. लक्षात आहे ना?)

"बॅटऱ्या फुटल्या!" मी किंचाळले, दार उघडलं आणि उडी मारली. उडी मारताना माणूस ब्रेकवरचा पाय बरोबर घेऊन जातो, हे मला उडी मारल्यावर सुचलं. वळून पाहिलं तर गाडी निघालेली. मुकाट्यानं, सावकाश, बापूसाहेबांना घेऊन, ड्रायव्हरशिवाय.

"आसमीन, हँडब्रेक!" सैफ मागून ओरडला. मी रस्त्यावर उभी होते. रस्त्याला हँडब्रेक नसतो.

फट्कन नारळ फुटला. गाडी त्यावरून पुढं चालली. पुढं तर संस्थेची भिंत. आणि मग बापूसाहेबांनी जे केलं ते गाव अजून सांगतं. ते ओल्या धोतरानिशी सीटवर आडवे झाले, हात लांब केला आणि ब्रेकच्या पेडलवर पंजा ठेवला.

नुसता पंजा. गाडी उभी.

आम्ही धावत पोचलो. बापूसाहेब अजून तसेच आडवे होते. टोपीतून पाणी टपकत होतं. अब्बा हात जोडून म्हणाले, "बापूसाहेब, माफ करा. नारळ गेला. टेस्ट..."

"कासमभाई," आडव्या बापूसाहेबांनी पेडलकडं पाहत म्हटलं, "हातानं थांबली ओ!"

"जी?"

"निस्ता हात ठिवला आन् थांबली! माज्या टॅक्टरच्या बिरेकवर उभा ऱ्हायलो तरी थांबत न्हाई. ह्ये बिरेक माज्या टॅक्टरला बशिवता का?"

"पण नारळ, बापूसाहेब?" मागून कुणीतरी खोडी काढली.

तेव्हा मुक्ताबाई पुढं झाल्या. खोबऱ्याचे तुकडे पदरात गोळा करत म्हणाल्या, "फोडायलाच आनलावता त्यो. आधी थांबून दावलं, मग नारळ फोडला. पोरीनं समदं रीतसर केलं. तुमी मदी खेळ मांडलावता, तरी बी."

खोबरं वाटलं गेलं. अब्बांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि बराच वेळ दुसरीकडं बघत उभे राहिले. दूध आमचं झालं.

दुसऱ्या दिवसापासून अब्बा गाडी चालवू लागले आणि मी शेजारी बसून दूध मापून घेऊ लागले. तिथंही माझा पाय राहीना. म्हैस दिसली की मी रिकाम्या जागी पाय रोवायचे. ते पाहून अब्बांनी एक दिवस माझ्या पायाशी वेगळं पेडल बसवून दिलं.

"ह्यो तुजा बिरेक, बेटा. तू दाबला की हॉर्न बी वाजंल, गाडी बी थांबंल. डबल सेफ्टी."

माझा ऊर भरून आला. अख्ख्या तालुक्यात दोन ब्रेकची गाडी आमचीच! मी ते दौंडला फोन करून सांगितलं, शेजारणींना सांगितलं, दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला पेडल दाबून दाखवलं. आणि ते कधीही चुकलं नाही. मी दाबलं, हॉर्न वाजला आणि गाडी थांबली नाही, असं एकदाही झालं नाही.

परवा गाडी धुताना खाली वाकून पाहिलं. माझ्या पेडलपासून एकच वायर निघते. ती हॉर्नला जाते. पुढं कुठंच जात नाही.

"अब्बा," मी म्हटलं, "माझ्या ब्रेकचं कनेक्शन कुठाय?"

खरा ब्रेक दाबणारा पाय दुसऱ्या पायावर टाकून अब्बा चहा पीत होते. शेजारी बापूसाहेब होतेच.

"त्याचं आसं हाय, सूनबाई," बापूसाहेब बशी खाली ठेवत म्हणाले, "गाडीला आवाज न्हाई. वस्तीवर लोकांना कळंना, दूध घेऊन कवा बाहेर यायचं. मीच म्हनलं, कासमभाई, गाडीला हॉर्न बसवा. आन् हॉर्नचं बटन आशा मानसाच्या पायाखाली ठिवा, की त्यो वाजवायची आटवन करायला लागनार न्हाई."