तुंबलेली घसरगुंडी

"मुलांना पळायला लावणं यात अवघड ते काय!" असं मी पालकसभेत छातीठोकपणे बोलून गेलो. तिथेच फसलो!

आमची कन्या दुसरीत. शाळेतून आली की सोफ्यात जी रुतायची, ती जेवायलाच उठायची. मी सोफे विकतो. माणसांना बसवणं हा माझा धंदाच. पण पोटच्या पोरीला इतकं पक्कं बसवेन असं वाटलं नव्हतं!

"घर बदलून या शाळेत आल्यापासून ती मधल्या सुट्टीतही बाकावरच असते," सभेत तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही खेळता का तिच्याबरोबर?"

"उद्यापासून रोज!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बागेत गेलो. सात-आठ मुलं हुंदडत होती आणि ही माझी बाही धरून उभी.

"जा ना!"

"मी कुण्णाला ओळखत नाही. आधी तू."

"बघच!" म्हणत मी नळीच्या घसरगुंडीची शिडी चढलो. पिवळी, बंदिस्त नळी, मधे एक वळण. सुर्रकन निघालो आणि वळणावर बाटलीच्या बुचासारखा गच्च बसलो! पोट पुढे जाईना, खांदे मागे येईनात.

"बाबा, ये ना खाली!"

"येतो गं, जरा आराम करतोय!"

इतक्यात वरून एक चिमुरडी आली आणि माझ्या डोक्यावर येऊन थांबली.

"काका, सरका ना!"

"सरकता आलं असतं तर तुझी वाट बघत बसलो असतो का, बाळ?"

ती कशीबशी सरपटत वर गेली आणि बोंब ठोकली, "काका अडकले!"

मग बाहेरून माझ्याच लेकीचा आवाज आला. एरवी पाणी मागतानाही कुजबुजणारी ती, चक्क हुकूम सोडत होती! "तू माळीकाकांना सांग! तू माझ्याबरोबर चल, आईला आणू! पळा!"

मला आतून नुसती धपाधप पावलं ऐकू येत होती. निरोप मात्र तोंडातोंडी बदलत गेला. लेकीच्या धापांमधून बायकोला कळलं, "बाबा पडलेत, उठत नाहीयेत!" आणि माळ्याला कळलं, "नळी तुंबलीय!"

माळी कामाचा माणूस. त्याने झाडांचा पाइप ओढत आणला, घसरगुंडीच्या वरच्या तोंडात घातला आणि नळ पूर्ण सोडला!

मी बाहेर आलो तो थेट बायकोच्या पायांशी, चिखलात.

"अगं बाई! लागलं का कुठे? उठता येतंय का?"

"येतंय. खेळत होतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे. लेक घामाने चिंब, गाल लालबुंद, दोन मैत्रिणींच्या गळ्यात हात टाकून खिदळत होती. बायकोने हात देऊन मला उठवलं.

दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला बेल वाजली. बायकोने दार उघडलं. दारात आठ मुलं! आमची कन्या तर केव्हाच बूट घालून तयार. माझा ऊर भरून आला.

त्यातल्या सगळ्यात धीट मुलीने आत डोकावून विचारलं, "काकू, काका अडकायला येतात का?"