तडी, गिळू नको!

रेवणअण्णांच्या घरी तुम्ही ताक प्यायला गेलात, तर पहिला घोट घेईपर्यंतच ते ताक तुमचं. घोट तोंडात गेला की गाडी अडवणाऱ्या पोलिसासारखा अण्णांचा हात वर होतो.

"तडी, तडी! गिळू नको. आता सांग, टाळूला काय वाटतंय?"

तोंडात ताक धरून माणसानं बोलायचं कसं, याचा विचार अण्णांनी कधी केलेला नाही.

मी भंडाऱ्याकडची, नववीत शाळा सोडलेली. मावसबहिणीच्या ओळखीनं सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात शिवणाला लागले आणि अण्णांच्या माडीवर खोली मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी ताक दिलं, मी घोट घेतला आणि ते ओरडले, "तडी!" अण्णा अक्कलकोटकडचे, बोलण्यात कानडी मिसळलेलं. तडी म्हणजे थांब. मला कुठं ठाऊक? मला 'तडीपार' तेवढा माहीत. वाटलं, पिशवी उघडायच्या आतच खोली गेली. घाबरून गिळलं, ठसका लागला, निम्मं ताक अण्णांच्या सदऱ्यावर.

"गिळलीस की!" अण्णा हळहळले. सदऱ्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

गल्ली त्यांना टाळते. समोरचे रिक्षावाले चाचा तर लांबूनच हात जोडतात. "नक्को अण्णा! तुम ताक पिलाते की पंचनामा करते?"

अण्णांचं शास्त्र त्यांचं स्वतःचं आहे. "खाणं आन् लाळ, ह्यांची सोयरीक जमली पायजे बघ. आंबट ताक म्हंजे खाष्ट सासू. लाळेला पळवून लावतंय, मग जीभ खरखर करतीया. साय म्हंजे घरजावई. टाळूला चिकटून बसतोय, उठतच न्हाय. आन् चटणीचं तेल पाव्हण्यागत दारातच हुबं. आत ये म्हणलं तरी येत न्हाय."

हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता, हे मला आठवडाभरानं कळलं. काकू म्हणजे त्यांची बायको. गळ्याच्या दुखण्यावर त्यांना शेक दिले होते, कॅन्सरला देतात ते मशीनचे. दुखणं गेलं, पण जाताना तोंडातलं पाणीही घेऊन गेलं. घास जिभेवर वाळूसारखा पडून राहायचा. दोन घासांत ताट सरकवायच्या. अंगावरचं मांस उतरलं होतं. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. काकूंना नळी नको होती. त्यांना हवी होती शेंगाचटणी आणि भाकरी.

अण्णा रोज नवं कालवण घुसळायचे, पण चव बघणार कोण? "माझं तोंड म्हंजे भरल्यालं धरण. दगड घातला तरी घसरून जातोय. मला कोरड्या तोंडाचा माणूस पायजे."

तो माणूस त्यांच्याच माडीवर राहत होता. भीती वाटली की माझं तोंड कोरडं पडतं. शाळेत गुरुजी धडा वाचायला उभं करायचे आणि माझी जीभ टाळूला चिकटायची. वर्ग हसायचा. एक दिवस मी वर्गाच्या दारातूनच परत फिरले, ती फिरलेच. अजूनही सुपरवायझरनं हाक मारली की तेच होतं. हे मी अण्णांना खाली मान घालून सांगितलं, तर ते आनंदानं उठूनच उभे राहिले.

"आगं, मग इतकं दिस कुटं हुतीस!"

तेव्हापासून कामावरून आले की वाटी तयार. "तोंड कोरडं हाय का?"

"नाही अण्णा, आत्ताच पाणी प्याले."

मग अण्णा पेपर पुढं करायचे. "वाच की मोठ्यानं." दुसऱ्या ओळीला माझ्या तोंडाचा कापूस. "झालं! घे आता घास." ज्या तोंडापायी शाळा सुटली, त्याच तोंडाची कुणी इतकी वाट बघावी, याचं मला रोज नवल वाटायचं.

अण्णांची आणखी एक तऱ्हा होती. अख्खं सोलापूर कडक भाकरी पापडासारखी कडाकड मोडून खातं. अण्णा मात्र ती ताकात बुडवून, पार लगदा करून खायचे. "दात गेलेत माझे," म्हणायचे. आणि जेवण झालं की त्याच दातांनी सुपारी फोडायचे.

एका रविवारी त्यांनी ताजं, गोडसर दही घेतलं. चटणी तेल सुटेपर्यंत कुटली आणि दह्यात घालून हातानं इतकं फेसलं, की तेल वेगळं दिसेना. त्यात भाकरीचा चुरा मुरत ठेवला. मी पेपर वाचला. घास घेतला. थांबले.

"चिकटलं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"खरखर?"

पुन्हा मान हलवली. मग तोंड रिकामंच झालं.

"गिळलीस व्हय!"

"मी नाही गिळलं अण्णा. ते आपणहून गेलं."

अण्णांनी वाटी माझ्या हातात दिली आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभे राहिले. काकूंनी घास घेतला. तोंड मिटलं. काकूंचा गळा हलला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग दाराकडं बघून म्हणाल्या,

"या की भाईर. आन् आता तुमीबी कडक भाकरी खावा. आवाज मला येऊ नये म्हणून भिजवून खाताय, ते काय मला कळत न्हाय व्हय?"

अण्णा बाहेर आले. डब्यातली भाकरी काढून तुकडा तोंडात घातला आणि न चावता तसेच उभे राहिले.

"तडी पुरे," काकू म्हणाल्या. "चावा."

कडाड् असा आवाज झाला. काकू कान देऊन ऐकत होत्या.

"इकतची हाय," त्या म्हणाल्या. "उद्या मी थापते."